कामट्या, चिखल आणि आषाढातला वारा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात मोहरमचा ताबूत बांधायला घेतात तेव्हा सुरुवात शेंड्यापासून होते. आधी कळस, मग पाया. सगळ्यात वरचा लहानसा मजला पहिला तयार होतो, मग त्याखालचा थोडा रुंद, मग त्याहून रुंद, आणि शेवटी तळ. साहित्य म्हणाल तर बांबू, त्याच्या चिरलेल्या कामट्या, सूत, चिकणमाती आणि रंगीत कागद. एवढ्यावर शंभर फुटांच्या वर जाणारा मनोरा उभा राहतो आणि माणसांच्या खांद्यांवरून गावातल्या चौकात येतो. तिथे एक ताबूत दुसऱ्याला भेटतो. या भेटीला कडेगावकर गळाभेट म्हणतात. ही रीत दीडशे वर्षांहून जुनी आहे. ताबूत मुसलमान घराण्यांचे आहेत तसे हिंदू घराण्यांचेही आहेत, आणि मान कुणाचा, आधी कुणी निघायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे.

कळसापासून सुरुवात करण्यामागे श्रद्धा आहेच, पण त्यात कारागिरीचं शहाणपणही दिसतं. खालून वर बांधत गेलं की प्रत्येक मजल्यागणिक परांची उंच करावी लागते आणि सगळ्यात नाजूक काम सगळ्यात अवघड जागी, हवेत लोंबकळत करावं लागतं. कळस आधी घेतला की तेच काम जमिनीवर बसून, डोळ्यांसमोर, हाताच्या टप्प्यात होतं. शिवाय वरचा मजला किती जड झाला आहे हे खालचा मजला बांधणाऱ्याला अगोदरच कळलेलं असतं. ओझं आधी ठरतं, खांदा त्याच्या मापाने बांधला जातो.

आणि खरं ओझं नुसत्या वजनाचं नसतं, वाऱ्याचं असतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. जमिनीलगत घरं, झाडं, कुंपणं वाऱ्याला अडवतात. जितकं वर जावं तितका तो मोकळा आणि जोरकस. म्हणजे ताबुताचा शेंडा नेमका सगळ्यात जोराच्या वाऱ्यात असतो. म्हणून तो निमुळता असणं ही केवळ शोभेची बाब राहत नाही. वर जाताना वाऱ्यासमोर धरलेली पाठ कमी कमी होत जाते. बांबूचंही तसंच. तो आतून पोकळ, त्याचे तंतू लांबीच्या दिशेने जाणारे आणि बाहेरची साल सगळ्यात चिवट. त्यामुळे तो झुकतो, डुलतो, पुन्हा सरळ होतो. त्याच्या कामटीत खिळा ठोकला तर ती उभी चिरते, पण सुताचे वेढे दिले तर चिरत नाही. ओली चिकणमाती त्या वेढ्यांच्या फटींत शिरते आणि वाळली की सगळं घट्ट धरून ठेवते. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बेटात नवा कोंब काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो आणि तीनचार वर्षांत कामाजोगा पिकतो. सूत कापसाचं, माती पायाखालची. शंभर फुटांचा हा मनोरा जवळजवळ सगळाच्या सगळा शिवारातून आलेला असतो.

यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती पंचांगाची गोष्ट. गणपती दरवर्षी पावसाळ्यातच येतो, कारण आपण दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना घालून चांद्रमासांना ऋतूंशी जुळवून घेतो. हिजरी सनात तशी तरतूद नाही. त्याचं वर्ष 354-355 दिवसांचं, आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे मोहरम दरसाल थोडा मागे सरकतो आणि सुमारे बत्तीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून एक फेरी पुरी करतो. चंद्रकोर दिसल्यावर महिना सुरू होतो, म्हणून त्याचा दहावा दिवस आपल्या शुद्ध पक्षातल्या एकादशीच्या आसपास पडतो. 2025 साली ती एकादशी आषाढातली होती. 6 जुलैला एकीकडे पंढरपुरात वारकऱ्यांचा महापूर आणि त्याच दिवशी मोहरमचा दहावा दिवस, असा योग आला.

याचा बांधणाऱ्यांसाठी अर्थ काय, ते पाहा. थंडीतल्या मोहरमला कागद कोरडा राहतो, माती सावकाश वाळते. वैशाखात ती झटकन वाळते आणि तडकते. आषाढात ती वाळतच नाही, कागद लगदा होऊ पाहतो आणि पश्चिमेचा वारा ऐन जोरात असतो. कडेगाव पर्जन्यछायेतलं गाव. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि तिथून पूर्वेला उतरत आलं की तोच पाऊस त्याच्या एका लहानशा तुकड्याएवढा उरतो. ढग रिकामे होऊन येतात, वारा मात्र पुरा येतो. सातारा-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. एकच आकृती, एकच साहित्य, पण सगळ्या ऋतूंना तोंड द्यायचं. असा अभ्यासक्रम कुठल्याही कलाशाळेत नाही.

आता, कडेगावात कुणी ताबुताला कलाकृती म्हणणार नाही. करबलाच्या रणात इमाम हुसेन यांनी इ. स. 680 मध्ये दिलेल्या बलिदानाच्या स्मरणाचा तो भाग आहे, आणि त्याचा पहिला अर्थ तोच. तो अर्थ बाजूला सारून मी त्याला कलादालनातलं लेबल लावू इच्छित नाही. तरीही त्याच्यापासून सुरुवात केली, त्याला कारण आहे. गेल्या साठेक वर्षांत जगभर एक कलाप्रकार वाढला आहे. चित्र चौकटीत आणि मूर्ती चौथऱ्यावर न ठेवता एखादी जागाच घडवायची, पाहणाऱ्याने त्यात शिरायचं, भोवती फिरायचं. मराठीत त्याला मांडणशिल्प म्हणतात. ही मांडणी उघड्यावर, नदीकाठी, माळावर, चौकात केली आणि तिचा विषय माणूस आणि निसर्ग यांचं नातं असला की तिच्यापुढे एक जास्तीची अट येते. दालनातल्या कामाला पाऊस लागत नाही. उघड्यावरच्या कामाला लागतो. पर्यावरणाविषयी ते काय म्हणतं यापेक्षा ऊन, वारा आणि माती यांच्यासमोर ते कसं वागतं, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. ते कशाचं बनलं आहे आणि नंतर त्याचं काय होतं, हे दोन प्रश्न मी अशा प्रत्येक कामाला विचारतो.

या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं काम अमेरिकेतल्या युटा राज्यात आहे. रॉबर्ट स्मिथसन याने 1970 साली तिथल्या ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरात काळे दगड आणि माती टाकून सुमारे दीड हजार फूट लांबीची, घड्याळाच्या उलट दिशेने वळत जाणारी वाट बांधली. तिचं नाव ‘स्पायरल जेटी’. साहित्य सहा हजार टनांच्या वर. त्या वर्षी सरोवराचं पाणी खाली गेलेलं होतं. दोनेक वर्षांत ते चढलं आणि वाट बुडाली, ती जवळजवळ तीस वर्षं दिसेनाशी झाली. 2002 साली दुष्काळात ती पुन्हा वर आली, दगडांवर मिठाचे पांढरे थर घेऊन. आज पाणी तिच्यापासून बरंच दूर गेलं आहे. दुष्काळ आणि सरोवराला मिळणाऱ्या नद्यांचा उपसा, ही त्याची कारणं. स्मिथसन 1973 मध्ये विमान अपघातात गेला. सरोवर आटत चाललं आहे हे सांगण्यासाठी त्याने ते बांधलं नव्हतं, पण आज त्या वाटेवर उभं राहिलं की सरोवराची पातळी आपोआप मोजली जाते. एखादा जुना घाट नदीचं बदललेलं पात्र दाखवतो, तसं.

ते काळे दगड म्हणजे बेसाल्ट. आपला काळा पाषाण. कडेगावच्या डोंगरात जो आहे, देवळांच्या भिंतींत जो आहे, तोच प्रकार. दख्खनचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचं बनलं, आणि सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणातल्या भरपूर पावसात याच पाषाणाची झीज होऊन जांभा तयार झाला. त्या जांभ्याच्या उघड्या सड्यांवर माणसाने काही हजार वर्षांपूर्वी जे कोरून ठेवलं आहे, ते पाहिल्यावर भूमीवरची कला हा विसाव्या शतकातला शोध आहे असं म्हणवत नाही.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतली ही कातळशिल्पं गेल्या काही वर्षांत मोठ्या संख्येने उजेडात आली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती गावोगावच्या गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारत सडे पायी तुडवत राहिले, त्याचं हे फळ. आज हजाराहून अधिक आकृत्या माहीत आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारे 18 मीटर लांब आहे, आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या कितीतरी लहान आकृत्या कोरलेल्या आहेत. गंमत अशी की जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावतच नाही. बारसू, उक्षी, जांभरुण, देवीहसोळ, देवाचे गोठणे, रुंढे तळी, कुडोपी आणि गोव्यातलं फणसाईमळ ही ठिकाणं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. पाऊस आला की कोरीव रेषांत पाणी भरतं आणि आकृती उठून दिसते, पाऊस सरला की गवत तिला झाकतं, होळीच्या सुमाराला ती पुन्हा उघडी पडते. या सड्यांवर माती मूठभर, पण पावसाळ्यात रानफुलांचे गालिचे उगवतात. कोरणाऱ्याने जमिनीवर काही आणून ठेवलं नाही. जे होतं त्यातलं बोटभर काढलं, एवढंच.

असं बोटभर काम करणारा एक इंग्रज कलावंत महाराष्ट्रात येऊन गेला, ही हकीकत आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते. रिचर्ड लाँग त्याचं नाव. 1967 साली, विद्यार्थी असताना, तो एका कुरणात सरळ रेषेत पुन्हा पुन्हा येत-जात राहिला. गवत दबलं, उन्हात ती रेषा चमकली, त्याने छायाचित्र घेतलं आणि निघून गेला. गवत काही दिवसांत उभं राहिलं असणार. हा माणूस पुढे डहाणूजवळच्या गंजाड गावी वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या सहवासात राहिला, आणि 2003 साली जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फ इथे दोघांचं एकत्र प्रदर्शन झालं. वारली घरात लग्नाचा चौक लिहिताना कुडाच्या भिंतीला गेरूचा किंवा शेणामातीचा हात देतात आणि तांदळाच्या पिठाने आकृत्या काढतात. पुढे भिंत सारवली की चित्र संपलं. जिव्या मशे यांनी ही लिपी कागदावर आणि कापडावर नेली, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. गवतातली रेषा आणि भिंतीवरचं पीठ, दोन्ही मिटून जाण्यासाठीच केलेली. या दोघांना एकमेकांची भाषा येत नसली तरी एकमेकांचं काम समजलं, यात मला नवल वाटत नाही.

संदेश घेऊन येणारी कामं निराळी. ओलाफुर एलियासन याने डिसेंबर 2015 मध्ये, पॅरिसला हवामान परिषद भरली असताना, ग्रीनलँडच्या खाडीत तरंगत असलेले बर्फाचे बारा प्रचंड तुकडे आणून एका चौकात घड्याळाच्या आकड्यांसारखे गोल मांडले. लोक त्यांना हात लावत होते, कान लावून आत कोंडलेली हजारो वर्षांपूर्वीची हवा फुटताना ऐकत होते, पोरं मिठ्या मारत होती. बर्फ वितळला, चौक ओला झाला. या कामासाठी सुमारे 30 टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन झालं, असा हिशेब त्यानेच जाहीर केला. तो लपवला नाही याचं मोल आहे, आणि बर्फावर हात ठेवणाऱ्याला जे कळतं ते आलेखातून कळत नाही हेही मी मान्य करतो. तरी तो बर्फ बोटीतून आणि मालमोटारींतून तिथवर आणावा लागला, ही बोच माझ्या मनातून जात नाही.

त्या मानाने मुंबईतलं एक काम मला अधिक सच्चं वाटतं. 2017 च्या अखेरीस ससून डॉकच्या जुन्या गोदामात कलाप्रकल्प झाला, त्यात सिंगापूरच्या तान झी शी यांनी टाकून दिलेल्या प्लॅस्टिकचे हजारो तुकडे छतापासून टांगले होते. खाली उभं राहिलं की आपण पाण्याच्या तळाशी आहोत आणि वर कचऱ्याचा थर तरंगतो आहे असं वाटे. मूळ काम मुंबईसाठी घडलेलं नव्हतं, पण जागा चपखल होती. भिंतीपलीकडे 1875 पासूनचा मासळीचा धक्का, हवेत मासळीचा वास, आणि बाहेर जाळ्यात मासळीबरोबर प्लॅस्टिक ओढणाऱ्या कोळी बांधवांचं रोजचं जगणं. काम आत आणि त्याचा पुरावा बाहेर, हाकेच्या अंतरावर.

आपल्याकडे उघड्यावरच्या तात्पुरत्या शिल्पाचा सर्वांत मोठा सोहळा गणेशोत्सव आहे, आणि साहित्याचा प्रश्न तिथे किती कळीचा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. शाडूची मूर्ती पाण्यात तासाभरात विरघळू लागते, प्लास्टर ऑफ पॅरिसची दिवसचे दिवस तशीच राहते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर एक उपाय पुढे आणला. पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालून त्यात मूर्ती बुडवायची, तिचं रूपांतर खत म्हणून वापरता येणाऱ्या अमोनियम सल्फेटमध्ये आणि खडूसारख्या कॅल्शियम कार्बोनेटमध्ये होतं. उपाय चांगला आहे. पण मातीच्या मूर्तीला त्याची गरजच पडत नाही.

पुन्हा कडेगाव तालुक्यात येऊ. इथे आणखी एक मांडणी आहे, जिला मांडणी म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही, कारण ती डोंगराएवढी आहे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे. त्याच्या शेजारी सागरेश्वर. महादेवाचं जुनं स्थान, भोवती दगडी देवळांचा पुंजका. त्या देवळांच्या मागचे डोंगर चराई आणि तोडीने उघडेबोडके झाले होते. मुरूम, कुसळी गवत आणि ऊन. मोहित्यांचे वडगाव इथले धों. म. मोहिते यांनी या डोंगरावर रान उभं करायचा ध्यास घेतला, लोकांना आणि सरकारला त्यामागे ओढलं, आणि 1985 साली तिथे अभयारण्य जाहीर झालं. जेमतेम 11 चौरस किलोमीटरचं, पण लावून वाढवलेलं. खैर, बाभूळ, हिवर अशी कोरड्या माळाला सरावलेली झाडं, आणि त्यांत आणून सोडलेली हरणं, सांबरं, काळवीट.

याच काळात, 1982 साली, जर्मनीतल्या कासेल शहरात योसेफ बॉइस याने सात हजार ओकची रोपं लावायचं काम आरंभलं आणि त्याला कलाकृती म्हटलं. झाडं सगळी ओकची नव्हती, पण नाव तेच पडलं. प्रत्येक झाडाशेजारी बेसाल्टचा एक खांब उभा करायचा. सात हजार खांबांचा ढीग संग्रहालयासमोरच्या हिरवळीवर रचून ठेवला होता. झाडं लागतील तसा ढीग कमी होणार, आणि लागली नाहीत तर ढीग सगळ्या गावाच्या डोळ्यांत खुपत राहणार, अशी ही योजना. लोकांनी आधी नाकं मुरडली, गाड्या लावायची जागा गेली म्हणून कुरकुर केली. बॉइस 1986 मध्ये वारला, शेवटचं झाड पुढच्या वर्षी त्याच्या मुलाने लावलं. सुरुवातीला खांब मोठा आणि रोप लहान, काही वर्षांनी दोघं सारखे, आणि आता खांब झाडाच्या बुंध्याशी बसलेल्या लेकरासारखा. दगड तेवढाच राहतो, झाड वाढतं. एवढ्या साध्या जोडीतून काळ दिसू लागतो.

कासेलच्या कामावर ग्रंथ निघाले. सागरेश्वरच्या डोंगराला कुणी कलाकृती म्हटलं नाही आणि मोहिते यांनीही तसा दावा केला नाही. काळा पाषाण मात्र दोन्हीकडे आहे, इथे तो कुणी आणून ठेवावा लागला नाही. आणि एका बाबतीत सागरेश्वर पुढे आहे. शहरातलं झाड उभं राहिलं की त्याचा प्रश्न बहुतेक सुटला. इथे रान वाढलं, हरणं वाढली आणि ती कुंपणापलीकडच्या पिकांत उतरू लागली. मोहित्यांच्या डोंगराभोवतीचं शिवारही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. टेंभू उपसा सिंचन योजनेने कृष्णेचं पाणी उचलून कोरड्या मुलखात आणलं, आणि जिथे ज्वारी होती तिथे ऊस आला. रात्रीत हरणांनी खाल्लेलं पीक पाहणाऱ्या शेतकऱ्याची तक्रार खरी आहे, तिला रानाचा द्वेष म्हणून उडवून लावू नये. माणूस आणि निसर्ग यांचं नातं म्हणजे काय, हे दाखवायला कलावंत बर्फ आणतात, प्लॅस्टिक टांगतात. इथे ते नातं दर हंगामात बांधावर उभं राहतं, नुकसानीच्या पंचनाम्यासकट.

ताबुताकडे मी पुन्हा पुन्हा वळतो ते यामुळेच. त्यात निसर्गाविषयी एक शब्द नाही. पण तो बांधणाऱ्याला कळक कधी तोडायचा, कुठल्या मातीला चिकटा आहे, कुठला वारा कुठल्या महिन्यात सुटतो, हे ठाऊक असावं लागतं. माझी एकच काळजी आहे. सगळ्याच सणांच्या सजावटीत चकचकीत प्लॅस्टिकचे पत्रे आणि नायलॉनच्या दोऱ्या शिरत आहेत. त्या पावसात टिकतात, हा त्यांचा गुण सगळ्यांना पटतो. पण कागद भिजू नये म्हणून आभाळाकडे पाहणारा माणूस आणि भिजलं तरी चालेल म्हणून मान वर न करणारा माणूस, यांचे हात हळूहळू वेगळे होत जातात.

येत्या वर्षांत मोहरम पावसातून मागे सरकत उन्हाळ्यात जाईल. पाच-सहा वर्षं चैत्र-वैशाखाच्या उन्हात ताबूत उभे राहतील, माती तडकू नये म्हणून ती मुरवून मळावी लागेल. मग थंडीची वर्षं येतील, मग परतीच्या पावसाची. चंद्राचा हिशेब पाहता 2057 च्या सुमाराला मोहरमचा दहावा दिवस पुन्हा आषाढी एकादशीच्या जवळपास येईल. 2025 च्या पावसात थोरल्या माणसाशेजारी बसून कळसाच्या कामटीला सुताचा पहिला वेढा देणारं दहा वर्षांचं पोर तेव्हा बेचाळीस वर्षांचं असेल. सगळे ऋतू त्याच्या हाताखालून गेलेले असतील, आणि ओली माती हातात घेऊन ते पश्चिमेकडे बघत असेल, वारा पडतो का ते पाहायला.